चौथऱ्यावरचे इंजिन आणि रद्दीतला इतिहास

मंडळाच्या मागील बैठकीत एका सन्मान्य सभासदांनी एक सूचना मांडली. वाफेवर चालणारे एखादे जुने इंजिन रेल्वे खात्याकडून मागून घ्यावे, ते शहराच्या ठळक जागी चौथऱ्यावर बसवावे, त्याची रंगरंगोटी करावी आणि खाली संगमरवरी पाटीवर ‘सदर्न मराठा रेल्वे’ ही अक्षरे मराठीत कोरून घ्यावीत, असा त्या सूचनेचा आशय होता. सूचनेचे टाळ्यांच्या गजरात स्वागत झाले. विरोधाचा एकच हात वर झाला आणि तो आमचा होता. बैठकीनंतर चहाच्या वेळी दोघा-तिघांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, “साहेब, तुमच्या तर घरातच रेल्वेची नोकरी झालेली. तुम्हीच असे म्हणावे?” त्यांना त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभीच सांगितले पाहिजे की, वाफेच्या इंजिनाविषयी आमच्या मनात अनादर नाही. आमच्या पिढीने पहाटे दूरवरून आलेल्या शिटीवर घड्याळ लावले आहे. डब्याच्या खिडकीतून डोके बाहेर काढून डोळ्यांत कोळशाचा कण घालून घेतला आहे आणि त्याबद्दल आईच्या हातचा धपाटाही खाल्ला आहे. आमचा विरोध इंजिनाला नाही. इंजिन चौथऱ्यावर चढवले की इतिहास जतन झाला, या समजुतीला आहे. ही समजूत केवळ चुकीची नाही. ती घातकही आहे. कारण ती मनाला समाधान देते आणि समाधान पावलेला समाज पुढे हात हलवत नाही.

या समजुतीची जुळी बहीण म्हणजे कोड्यांचा इतिहास. हल्ली रेल्वेचा इतिहास म्हणजे प्रश्नमंजूषेचा ऐवज झाला आहे. पहिली गाडी केव्हा धावली? १६ एप्रिल १८५३. कोठून कोठे? बोरीबंदर ते ठाणे. इंजिने किती? तीन, साहिब, सिंध आणि सुलतान. मुलाने एवढे सांगितले की त्याला पेन बक्षीस मिळते आणि पालकांचा ऊर भरून येतो. पण त्या तिन्ही इंजिनांपैकी एकही आज अस्तित्वात नाही, याची खंत त्या प्रश्नात नसते. ‘पहिली गाडी’ म्हणताना ‘प्रवाशांची’ हा शब्द घातला नाही तर उत्तर चुकते, हेही कोणी सांगत नाही. त्याच्या आधी मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगड वाहण्यासाठी रूळ पडले होते आणि १८५१ मध्ये रुडकीजवळ सोलानी नदीवरील कालव्याच्या कामावर ‘थॉमसन’ नावाचे इंजिन माती ओढत होते. म्हणजे ज्याला आपण ज्ञान म्हणून पाठ करतो, ते बहुधा अर्धे वाक्य असते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचेच घ्या. जगातील सर्वांत लांब फलाट कोणता, या प्रश्नाचे उत्तर आम्ही शाळेत ‘खरगपूर’ असे पाठ केले. २०१३ मध्ये गोरखपूरचा फलाट १,३६६ मीटर लांबीचा झाला आणि आमचे उत्तर चुकले. १२ मार्च २०२३ रोजी हुबळीच्या १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे उद्घाटन झाले आणि गोरखपूरवाल्यांचेही उत्तर चुकले. या ज्ञानाला इतकेच आयुष्य असते. हुबळीला रेल्वेचा कारखाना १८८५ पासून उभा आहे. त्या कारखान्यात चार-चार पिढ्या घडल्या, त्यांच्या वसाहती, शाळा, भजनी मंडळे आणि कामगार संघटना उभ्या राहिल्या. फलाटाची लांबी तोंडपाठ असणाऱ्यास यांतले काही ठाऊक असते काय? मीटर मोजणे सोपे असते. माणसे मोजणे अवघड असते.

आता त्या संगमरवरी पाटीकडे वळू. सूचनेचे खरे आकर्षण इंजिन नव्हे, पाटी आहे, हे आपण सर्वजण जाणतो. ‘सदर्न मराठा रेल्वे’ या नावातला मधला शब्द आपल्याला प्रिय आहे. सीमाभागात राहणाऱ्या मराठी माणसाला कोणत्याही जुन्या पाटीवर ‘मराठा’ हा शब्द दिसला की बुडत्याला काडीचा आधार वाटतो. ही भावना आम्हांलाही अपरिचित नाही. परंतु भावनेच्या भरात आपण इतिहासाला खोटी साक्ष द्यायला लावतो, हे बरे नव्हे.

ती कंपनी १८८२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. बेळगाव, धारवाड, विजापूर हा मुलूख आणि त्यांत विखुरलेली सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग ही संस्थाने यांना इंग्रज अंमलदार ‘दक्षिण मराठा देश’ म्हणत. कंपनीने ते नाव उचलले. आपल्या गौरवार्थ नव्हे, तर नकाशावर तसे छापले होते म्हणून. रूळ पडले तेही आपल्या सोयीसाठी नव्हेत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात या भागात धान्य वेळेवर पोचू शकले नव्हते, हे एक कारण. धारवाडकडचा कापूस आणि इतर माल बंदरापर्यंत न्यायचा होता, हे दुसरे. बेळगावची लष्करी छावणी, हे तिसरे. लोंढ्याहून बेळगाव, मिरज असे करीत पुण्याला जाऊन मिळणारी मीटरगेजची वाट १८९० च्या सुमारास पुरी झाली. लोंढ्याहून पश्चिमेला कॅसलरॉकपर्यंत कंपनीची गाडी आणि तेथून घाट उतरून मुरगावपर्यंत पोर्तुगीज हद्दीतली गाडी, अशी सांगड होती. मिरजेहून कोल्हापूरचा फाटा मात्र कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. त्याची पायाभरणी १८८८ मध्ये किशोरवयीन शाहू महाराजांच्या हस्ते झाली आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. अभिमानच बाळगायचा तर या फाट्याचा बाळगावा. पण त्याच्या नावात ‘मराठा’ शब्द नसल्यामुळे तो बहुधा आपल्या यादीत नसतो!

पुढे १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी जोडणी होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ झाली. जुनी माणसे तिला ‘एम.एस.एम.’ म्हणत. १९४४ मध्ये ती सरकारजमा झाली आणि १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत विलीन झाली. १९६६ मध्ये हुबळी विभाग दक्षिण-मध्य रेल्वेकडे गेला आणि १ एप्रिल २००३ पासून हुबळी हेच नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय झाले. नावे अशी चार वेळा बदलली. रूळ तेथेच राहिले, पॉइंट्समन, गँगमन आणि खलाशी तेच राहिले. त्या माणसांत मराठी होते तसे कानडी होते, तेलुगू आणि तमिळ होते, गोव्याकडचे ख्रिस्ती होते, मुसलमान होते, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते. एका इंजिनाच्या पायठ्यावर तीन भाषा बोलणारी तीन माणसे उभी राहत आणि फावडे, कोळसा व पाणी यांची भाषा एकच असे. त्यांच्या डोक्यावर आपण एका शब्दाची मराठी पाटी लावून उभे राहणार असू, तर ज्या वृत्तीबद्दल आपण दुसऱ्यांना सात दशके बोल लावत आलो, तीच वृत्ती आपण अंगी बाणवली असे होईल.

असो. पाटी बाजूला ठेवू आणि इंजिनाकडे पाहू. चौथऱ्यावर चढलेल्या इंजिनाचे पुढे काय होते?

वाफेचे इंजिन म्हणजे मूर्ती नव्हे. आगीने तापणारी पेटी, तीतून बाष्पकात गेलेल्या शेकडो नळ्या, नळ्यांभोवतीचे पाणी, पुढच्या बाजूस धुराची पेटी आणि तिच्यावर चिमणी, अशी ही रचना. इंजिन चालते तोवर त्याला रोज कोणी तरी झाडते, पुसते, तेल घालते. ठरावीक मुदतीने बाष्पक धुऊन आतला क्षार काढते. ते उभे राहिले की नळ्यांत आणि धुराच्या पेटीत उरलेली राख व काजळी ओल धरते. कोळशातल्या गंधकाची त्या ओलीशी गाठ पडली की आम्ल तयार होते आणि ते पोलादाला आतून खात सुटते. चिमणीचे तोंड झाकलेले नसेल तर आपला बेळगावचा पाऊस थेट पोटात जातो. तेल न मिळाल्याने दांडे आणि सांधे धरतात. पितळी शिटी, दाबमापक आणि तांब्याच्या नळ्या पहिल्या दोन वर्षांतच कोणी तरी रात्री काढून नेते. त्यानंतर दर २६ जानेवारीपूर्वी काळ्या आणि लाल रंगाचा आणखी एक हात बसतो. या रंगाखाली काय गाडले जाते, ते पाहण्यासारखे आहे. दांड्यांवर, चाकांवर आणि सांध्यांवर क्रमांक ठोकलेले असतात. कोणता भाग मूळचा, कोणता दुसऱ्या इंजिनावरून काढून बसवलेला, हे त्यावरून कळते. इंजिनाचे आत्मचरित्र त्याच्या अंगावर असे कोरलेले असते आणि आपण त्यावर रंग फासतो. बाहेरून चकचकीत आणि आतून भुसा, अशी ती वस्तू होते. तिला स्मारक म्हणावे की कलेवर?

“मग काय करावे? सगळी इंजिने भंगारात जाऊ द्यावीत?” असा प्रश्न येईल. नाही. जतन कसे करावे याची उदाहरणे दूर नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची ‘फेअरी क्वीन’ लीड्स येथे १८५५ मध्ये बांधली गेली. १९९७ मध्ये ती पुन्हा रुळावर धावली आणि पुढच्याच वर्षी नियमित चालणारे जगातील सर्वांत जुने इंजिन म्हणून तिची नोंद झाली. हरियाणातील रेवाडी येथे १८९३ चे लोको शेड राखून त्यात वाफेची इंजिने चालती ठेवली आहेत. निलगिरीच्या डोंगरात वाफेचे इंजिन आजही दात्यांच्या रुळावर गाडी ढकलते. या सर्व ठिकाणी टिकले आहे ते केवळ लोखंड नव्हे. आग कशी रचावी, पाणी किती ठेवावे, चढावर वाफ कशी राखावी, हे जाणणारा हात टिकला आहे. तो हात नसेल तर इंजिन म्हणजे पत्र्याचा हत्ती.

वेल्समधील तालिलिन या छोट्या रेल्वेचे उदाहरण तर आपल्यासारख्या मंडळांनी डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. पाटीच्या दगडाच्या खाणीची ही अरुंद गाडी मालकाच्या मृत्यूनंतर बंद पडायला आली, तेव्हा १९५१ मध्ये हौशी माणसांनी ती स्वतः चालवायला घेतली. त्यांनी सरकारकडे पाटी मागितली नाही. सुट्टीच्या दिवशी बाह्या सरसावून रुळांवरचे गवत उपटले. आणि आपल्याकडे? एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली, १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून सुरू झालेली आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचलेली बार्शी लाइट रेल्वे हा अडीच फुटी रुळांचा एक आदर्श मानला जाई. इंग्लंडातील स्टॅफर्डशायरमध्ये त्याच कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव वापरून दुसरी गाडी बांधली. आज मिरज–पंढरपूर वाटेवर रुंद रूळ आहेत. ते झाले हे उत्तमच झाले. गेज बदलू नये असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. वारकऱ्याला उभ्याने प्रवास करायला लावून आम्हांला रम्य आठवणी नकोत. पण दोन मैलांचा जुना तुकडाही चालता राखला गेला नाही आणि त्यासाठी आपण कोणी एक ओळीचे पत्रही लिहिले नाही, हे आपल्या खाती मांडले पाहिजे.

येथपर्यंत आम्ही इतरांविषयी बोललो. आता स्वतःकडे येतो. कारण ज्याने स्वतःचे घर झाडले नाही, त्याने चौकाच्या स्वच्छतेवर व्याख्यान देऊ नये.

आमचे धाकटे चुलते एम.एस.एम.मध्ये लागले आणि दक्षिण-मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. मिरज, घटप्रभा, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक या वाटेवर त्यांचे आयुष्य गेले. त्यांना लिहिण्याची सवय होती. कामाची जी डायरी ठेवावी लागे ती वेगळी. शिवाय घरी एका वहीत ते रोजचे टिपण करीत. कोणत्या क्रमांकाचे इंजिन, किती डबे, ड्रायव्हर कोण, कोठे किती उशीर आणि का. पावसात घाटात दरड आल्याची हकीकत, सिग्नलचा कंदील विझल्याने गाडी उभी राहिल्याची हकीकत, पंढरीच्या यात्रेत मिरजेला फलाटावर जन्मलेल्या मुलाची हकीकत, सगळे त्या वह्यांत होते. लहानपणी त्यांतली एखादी ते आम्हांला वाचून दाखवीत. चुलते गेले. पुढे काही वर्षांनी वाडा पाडून तेथे सदनिका बांधायचे ठरले. सामान आवरताना काकूंनी विचारले, “अरे, यांच्या ट्रंकेचे काय करायचे?” आम्ही त्या वेळी नोकरीच्या धबडग्यात होतो. “कंदील तेवढा ठेवा, बाकीचे बघा काय ते,” असे म्हणून आम्ही मोकळे झालो. ट्रंक रद्दीवाल्याकडे गेली. गार्डचा तो लाल-हिरव्या भिंगांचा कंदील आज आमच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. त्याला महिन्यातून एकदा पॉलिश होते. आलेला प्रत्येक पाहुणा त्याचे कौतुक करतो. आणि त्या कंदिलाने कोणकोणत्या रात्री काय काय पाहिले, हे सांगणाऱ्या वह्या कोठल्या तरी वाण्याच्या पुड्या होऊन गेल्या.

मंडळाच्या बैठकीत इंजिनाची सूचना मांडली गेली तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर तो कंदील उभा राहिला. चौथऱ्यावरचे इंजिन म्हणजे आमच्या कपाटातल्या कंदिलाचीच मोठी आवृत्ती आहे. वस्तू ठेवायची, वह्या टाकायच्या.

हे फक्त घरी झाले असे नाही. राज्य शासनाच्या सेवेत आम्ही तीन तपे काढली. एका कार्यालयात असताना अभिलेख कक्ष रिकामा करण्याचा आदेश आला. मुदत संपलेल्या नस्त्यांची यादी लिपिकाने समोर ठेवली. रेल्वेसाठी घेतलेल्या जमिनींच्या जुन्या नकाशांचे एक गाठोडे त्या यादीत होते. नियमाप्रमाणे त्याची मुदत संपली होती. आम्ही गाठोडे न सोडताच यादीवर सही केली. कोणाची शेती गेली, किती मोबदला मिळाला, कोणत्या गावाची पाणंद रुळांनी तोडली, हे त्या नकाशांत असणार. आमची सही नियमात होती. तिच्याबद्दल कोणी आम्हांला कधी जाब विचारला नाही. तो आज आम्ही स्वतःस विचारत आहोत.

लंडनमध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीची कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत. भागधारकांना किती नफा वाटला, हे तेथे जाणाऱ्यास आजही वाचता येते. त्या रुळांवर ज्यांचा घाम गळला त्यांची बाजू मात्र वाचता येत नाही. कारण ती आपल्या ट्रंकांत होती आणि ट्रंका आपण विकल्या. साहेबाने आपला इतिहास पळवला, असे म्हणायची आपल्याला सवय आहे. या बाबतीत तरी साहेबाने त्याचा भाग राखला. आपला भाग आपणच किलोच्या भावाने घातला.

कोणी म्हणेल, वह्या आणि नकाशे यांतून असे काय मोठे निघणार? निघाले असते ते कोड्यांच्या पुस्तकात मावणारे नव्हते. गंगूबाई हनगल तरुणपणी हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात, त्या आगगाडीने. ती गाडी नसती, किंवा परतीची वेळ जुळत नसती, तर एका गृहिणीची ती तालीम झाली असती काय? भीमसेन जोशी गुरूच्या शोधात गदगहून कोवळ्या वयात घर सोडून निघाले, ते तिकिटाविना; डब्यातल्या लोकांना गाणी ऐकवत त्यांनी वाट काढली. किराणा घराण्याच्या इतिहासात मीटरगेजच्या वेळापत्रकाला असे स्थान आहे. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी भूषविलेले ते एकमेव अध्यक्षपद. देशभरातून आलेले प्रतिनिधी एका मीटरगेजच्या एकेरी वाटेने येथे कसे पोचले? जादा गाड्या किती सोडल्या? पाणी आणि कोळसा कसा पुरला? त्या आठवड्यात केबिनमन झोपला केव्हा? २०२४ मध्ये शताब्दीची भाषणे पुष्कळ झाली. हे प्रश्न आम्ही तरी कोणाच्या तोंडी ऐकले नाहीत.

मिरजेचेच घ्या. पुणे–कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये रुंद झाला, बेळगावकडचा मार्ग मात्र त्यानंतर दोन दशके मीटरगेजच राहिला आणि पंढरपूरकडची गाडी तर अडीच फुटी. तीन मापांचे रूळ एका स्थानकात, हे कोडे म्हणून मिरज प्रसिद्ध आहे. पण त्याचा अर्थ असा की, प्रत्येक पोते, प्रत्येक गूळरवा, प्रत्येक खोके एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. ते कोणाच्या पाठीवरून? त्या हमालांच्या टोळ्या कोठल्या, मजुरी किती, रूळ एक झाल्यावर त्या कोठे गेल्या? आणि ज्या निपाणीला आजही रेल्वे नाही, तिचे काय? तेथील तंबाखू कोणत्या स्थानकावर, कोणाच्या बैलगाड्यांतून, किती दिवसांत जाई? रेल्वे जवळून गेली नाही म्हणून निपाणीचा इतिहास रस्त्याचा इतिहास झाला. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक न्याय मागायला बसले तेही महामार्गावरच. रेल्वेचा इतिहास लिहिताना जेथे रूळ नाहीत त्या गावाचेही एक प्रकरण लागते, हे कोड्यांना कधी कळणार?

आमच्या विरोधावर दोन आक्षेप घेतले गेले. पहिला असा की, मुलांना डोळ्यांनी पाहायला काही तरी हवे. वह्या दाखवून मुले जमत नाहीत. आक्षेप रास्त आहे. परंतु पाहण्यासाठी हुबळीला ऑगस्ट २०२० पासून रेल्वेचे संग्रहालय झाले आहे. तेथील दोन जुन्या बंगल्यांना घटप्रभा आणि मलप्रभा ही आपल्याच नद्यांची नावे दिली आहेत. म्हैसूरला १९७९ पासून संग्रहालय आहे. पुण्यात कर्वे रस्त्यावर जोशींचे छोट्या गाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून आहे. एका माणसाच्या छंदातून ते उभे राहिले. मुलांना तेथे न्यावे. चौकातल्या गंजत्या इंजिनापाशी छायाचित्र काढून घेण्यापलीकडे मुले काही करीत नाहीत, आणि आपणही करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा होता. एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, “आपल्या खुणा एकेक करून पुसल्या जात आहेत. एक तरी खूण ठळक जागी असू द्या.” त्यांच्या स्वरातली व्यथा आमच्या काळजाला भिडली. बेळगावच्या मराठी माणसाला हा स्वर समजावून सांगावा लागत नाही. पण आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो, चौकातली खूण कोणाच्या हाती असते? ती बसवायला परवानगी लागते, हलवायला एक आदेश पुरतो, तिच्यावरची अक्षरे एका रात्रीत बदलतात. ट्रंकेतली वही आपल्या हाती असते. ती पुसायला दुसरा कोणी लागत नाही. आपली उदासीनता पुरते. खुणा पुसल्या जाण्याचे दुःख आपण करतो, त्यांतल्या निम्म्या आपल्याच हातच्या फडक्याने पुसल्या गेल्या आहेत.

तेव्हा नुसता विरोध न करता आम्ही पर्यायही मांडतो. इंजिनासाठी वर्गणी म्हणून जो पैसा उभा राहणार होता, त्याचा काही भाग पुढील कामी लावावा. सीमाभागातील ज्या घरांत रेल्वेची नोकरी झाली त्यांची यादी करावी. त्यांच्याकडील नेमणूकपत्रे, डायऱ्या, पास, वेळापत्रके, कामगार संघटनांची पत्रके, छायाचित्रे यांच्या प्रती काढून मूळ कागद त्या त्या घरी परत द्यावेत. मालकी कोणाची मागू नये. वाफेच्या इंजिनावर ज्यांनी स्वतः फावडे चालवले त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. देशातील रुंद रुळांवरची वाफ डिसेंबर १९९५ मध्ये संपली आणि मीटरगेजवर ती आणखी थोडी वर्षे टिकली. म्हणजे ऐंशीच्या दशकात फायरमन म्हणून लागलेला तरुण आज साठी-सत्तरीत आहे. त्याचे उस्ताद ऐंशीच्या पुढे आहेत किंवा गेले आहेत. हाताशी वर्षे थोडी आहेत. आणि या मुलाखती ज्याच्या त्याच्या भाषेत घ्याव्यात. कानडी बोलणाऱ्या ड्रायव्हरची हकीकत कानडीत, उर्दू बोलणाऱ्या फिटरची उर्दूत, मराठी गार्डची मराठीत. सर्वांच्या प्रती हुबळीच्या संग्रहालयालाही द्याव्यात. आपल्या घरातील माणसे ज्यांच्यासोबत आयुष्यभर एका डब्यात जेवली, त्यांना आपल्या वहीबाहेर ठेवू नये.

यानंतरही कोणाला इंजिन हवेच असेल तर आम्ही हात खाली घेऊ, मात्र अटींवर. ते छपराखाली असावे. त्याची राख काढून, बाष्पक कोरडे करून, चिमणी झाकून ते ठेवावे. त्याला तेल घालणारा माणूस पगारावर असावा. पाटीवर ‘पहिले’, ‘जुने’, ‘मोठे’ यांपैकी एकही शब्द नसावा. इंजिनाचा वर्ग, क्रमांक, बांधणीचे ठिकाण आणि वर्ष, कोणत्या शेडला किती वर्षे काम केले आणि कोणाकोणाच्या हाती काम केले, एवढेच असावे. हे लिहायला माहिती लागेल आणि ती शोधायला पुन्हा त्या ट्रंका उघडाव्या लागतील, हे ओघाने आलेच.

पुढील बैठकीत या आशयाचा ठराव आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी येताना हात हलवत न येता घरातील माळ्यावर एकदा चढून यावे, एवढीच विनंती आहे. आमच्या माळ्यावर आता काही नाही. आम्ही कंदील घेऊन येऊ. तो टेबलावर ठेवू आणि चुलत्यांच्या वह्यांतले जे काही आम्हांला आठवते ते सर्वांत आधी आम्हीच सांगू. ते फार थोडे आहे. दरडीची तारीख आठवत नाही, इंजिनाचा क्रमांक आठवत नाही, मिरजेच्या फलाटावर जन्मलेल्या त्या मुलाचे नावही आठवत नाही.